मिठाचं तळघर

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं निशिगंधा! बोल बाळ, बोल… छे गं, कामात कुठली. मुलं बसलीत बाहेर गॅलरीत, स्पेलिंगं लिहितायत… हो, हो, ऐकू येतंय. तुझाच आवाज बारीक येतोय. तुमच्या मुर्धा गावात रेंज नाही का आज?… मग? सर्दी झालीय?… बरं.

एक मिनिट हं… काय गं आरोही? 'नेसेसरी'? त्यात सी एकच, एस दोन. जा, लिही. आणि त्या दोघांना म्हणावं, बाई फोनवर असल्या तरी बाईंना ऐकू येतं.

हं, बोल. मीच करणार होते तुला फोन. सेमिनार झाला ना तुझा?… कसा झाला?… 'बरा' म्हणजे? 'बरा' हे काय उत्तर झालं? कॉलेजात बीएच्या वर्गापुढे उभी राहून तू इंग्रजी कादंबरीवर इंग्रजीतून बोललीस, मला नीट सांग की. अगदी पहिल्यापासून. साडी नेसली होतीस की ड्रेस?…

काय?… पुन्हा सांग… पुस्तक परत द्यायला येतेस? कुठलं पुस्तक?… माझं? मी टिपा लिहिलेलं?… अगं, ते तुला दिलंय. पहिल्या पानावर तुझं नाव घालून दिलंय, परत कसलं करतेस! मराठी शाळेतून गेलेल्या पोरांना ती जुनी इंग्रजी कळावी म्हणून तर आम्ही ती आवृत्ती काढली. एका पानावर इंग्रजी, समोर मराठी टिपा… तुला नको म्हणजे?… इंग्रजी सोडतेस? वर्षाच्या मध्येच?… निशिगंधा… रडतेस का तू?…

रड. मी थांबते… आहे मी, आहे…

भैया, आज नहीं चाहिए, पाव है घर में!… तुला नाही गं, पाववाला होता. बोल.

वर्ग हसला?… सगळा वर्ग?… कशाला हसला? उच्चाराला?… नाही?… मग मुद्द्याला? मुद्दा कुठला घेतला होतास?… हां, तो प्रसंग. मेजवानीचा. त्या पोराला मोठ्या घरी बोलावतात आणि तो सबंध संध्याकाळ सॉल्ट-सेलरच्या शेजारी बसून राहतो, आणि कोणी त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. मला फार आवडतो तो प्रसंग. तुला माहीत आहे. त्याच्यावरची माझी टीप तर…

हो… हो… ऐकतेय…

बरोबर सांगितलंस. घरात मेजवानी चाललीय आणि या गरिबाला बाहेर मिठाच्या कोठारापाशी बसवलंय. सॉल्ट-सेलर म्हणजे मीठ साठवायचं तळघर. टिपेत दिलंच आहे मी. यात हसण्यासारखं काय आहे?…

कोण म्हणालं?… मनाली? काय म्हणाली?… मीठ… टेबलावरचं?…

नाही गं. टेबलावर असतं ते सॉल्ट… नुसतं सॉल्ट. हे सेलर आहे. सेलर म्हणजे तळघर, पाचवीतलं पोरगंसुद्धा सांगेल. तिला म्हणावं, भाईंदरच्या माणसांना मीठ शिकवू नकोस… सर काय म्हणाले? ते गुणवंत सर?… तेही हसले?… हसले नाहीत. बरं. मग?… 'डिक्शनरी बघ' म्हणाले…

थांब हं. थांब, फोन ठेवू नकोस. मोठी डिक्शनरी कपाटावर आहे… नाही, चढते कुठली, हात पोचतो… हं. चष्मा… हां.

एस, ए, एल… सॉल्ट… पुढे गेले वाटतं… मागे… सॉल्ट-सेलर. हे बघ, आहे…

…

आहे गं. आहे मी. लाइन चालू आहे.

…

मिठाचं भांडं. छोटं. जेवणाच्या टेबलावर ठेवायचं.

खाली अजून लिहिलंय. हा 'सेलर' म्हणजे तळघर नव्हे. फ्रेंच भाषेतून आलेला दुसराच शब्द आहे. त्याचाच अर्थ मीठ ठेवायचं भांडं. उच्चार तळघराच्या 'सेलर'सारखा, म्हणून पुढे लोकांनी स्पेलिंगही तसं केलं… म्हणजे मीच एकटी नाही फसले. पण मी टीप छापली.

मीठदाणी गं. मिठाचं सट. आपल्या ताटाशेजारी असतं ना, तेवढंसं.

नाही, तू काही बोलू नकोस. मला जरा बसू दे…

ऐक ना. एक विचारू? तू मला विचारलं होतंस ना?… नाही, विचारलं होतंस. आठवतंय मला. इथेच, याच खुर्चीवर बसून. 'बाई, पुढच्या प्रकरणात काका ते सॉल्ट-सेलर बोटाने सरकवतात. तळघर बोटाने कसं सरकवतील?'… आणि मी काय म्हणाले?… सांग ना… हो. 'ते लाक्षणिक आहे बाळ. जबाबदारी सरकवली.' छापलंसुद्धा तसंच! 'येथे लाक्षणिक अर्थ.' अगं, मीठदाणी सरकवली त्या माणसाने. आमटी अळणी असेल त्याची!

हस. हस तू. हसण्यासारखंच आहे.

तीस वर्षं पोरांना सांगितलं, शब्द आला की आधी डिक्शनरी उघडा. आणि त्या पुस्तकात प्रत्येक शब्द मी बघितला. बग्गीचे भाग बघितले, टोप्यांचे प्रकार बघितले. हाच नाही बघितला. गरजच वाटली नाही. मीठ म्हटल्यावर मला काय बघायचंय? आमच्या घराण्याचं मिठागर, आजोबांनी मिठाच्या राशी गवताने शाकारलेल्या मी पाहिल्यात… ते 'सॉल्ट' वाचलं आणि मला एकदम आमचं कोठार दिसलं. इंग्रजांच्या पुस्तकात आमचं कोठार! मी एवढी हरखले की टिपेत ते सगळं घातलं. पावसाळ्यात मीठ कसं सांभाळायचे, झावळ्यांचे झाप कसे विणायचे… सगळ्यात लांब टीप तीच आहे.

आणि ती समोर भिंतीवर लटकतेय. तुला माहीत आहे ना?… हो, दाजींनी. माझ्या थोरल्या भावाला कुठलं इंग्रजी येतं! पण ते पान लॅमिनेट करून आणलं. देवळाच्या हॉलमध्ये सत्काराला माइकवर वाचलंसुद्धा. 'मने, आपला मिठागार इंग्रजांच्या पुस्तकात हाय!' लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू होतीस ना?… पहिल्या रांगेत, हो. तुझी आजी जिजाबाईपण होती. तिने माझ्या गालावरून हात फिरवला होता.

काय म्हणालीस?… तू आजीबद्दल बोललीस? सेमिनारमध्ये?…

हं…

हं…

टाचांबद्दल… मिठागरात उभं राहून पडलेल्या भेगांबद्दल. आणि हा पोरगा मिठाच्या कोठाराशी बसलाय म्हणजे तो माझ्या आजीसारखाच… इंग्रजीतून बोललीस हे सगळं… आणि तेव्हा हसले?…

'नमक की रानी.' हं. कोणी म्हटलं?… नको, नाव नको सांगूस.

अगं बाळ माझ्या…

ती टाच तू माझ्या टिपेवर भरवसा ठेवून काढलीस गं वर्गात. मी टिपेत नसतं लिहिलं, तर तू आजीला तिथे नेलं नसतंस.

काय गं आरोही?… कुठला शब्द?… मला नको विचारूस. डिक्शनरी घे ती, मोठी… नाही गं राणी, रागावले नाही. खरंच नाही. शोध तूच, मग मला दाखव. मलाही बघायचाय.

हं, निशिगंधा. मग सर काय म्हणाले, ते राहिलं… 'हा अर्थ कुठल्या आवृत्तीत मिळाला, संदर्भ दे.' बरोबर आहे. अभ्यासाचा पेपर म्हटला की संदर्भ हवा. मग तू दिलास ना?…

नाही दिलास?… का?… छापील संदर्भ आहे ना तुझ्याकडे. ढळढळीत…

काय सांगितलंस त्यांना?…

'माझ्याच मनाने लिहिलं.' असं सांगितलंस?

…

अगं, का गं?…

नको, कळलं. कळलं मला. सांगू नकोस.

आणि आता? शुक्रवारपर्यंत संदर्भ दिला नाहीस तर सेमिनारला शून्य… आणि तुझं नाव आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून काढणार… म्हणून विषयच सोडतेस. म्हणजे मला वाचवायला तू इंग्रजी सोडतेस, आणि मला सांगतेस की पुस्तक परत द्यायला येतेय.

एक सांग. ते पुस्तक… आमची आवृत्ती… गुणवंत सरांनी पाहिलीय का?… नाही ना? त्यांच्या लायब्ररीत ती परदेशी जाडजूड आवृत्ती असते. मनालीकडेही तीच असणार. म्हणजे तिकडे कोणाला ठाऊक नाही अजून…

नाही, सहज विचारलं…

नाही गं. सहज नाही विचारलं. एक क्षण वाटलं मला, की न सांगितलं तर चालेल. आता तूच बघ तुझी बाई. सत्तरी आली आणि एका मुलीच्या शून्याआड लपायला निघाली होती.

गप्प बैस. 'असं नका बोलू' म्हणू नकोस. ऐक ना… ऐक. वही आहे जवळ?… मग घे. पेन घे… घेतलंस?…

आधी तुझा मुद्दा नीट करू. तो पोरगा बाहेर कोठाराशी बसलेलाच नाही. मग कुठे बसलाय?… बरोबर. टेबलावर. सगळ्यांच्या मध्ये. मीठ त्याच्या हाताशी, ताट समोर. आणि सबंध संध्याकाळ कोणी बोलत नाही. आता सांग, कुठलं वाईट? बाहेर बसवणं की आत बसवून…

हो. हो ना. अगदी तेच. तुला त्या वर्गात जसं वाटलं तसंच. तुझ्या बाकावर तू, सगळे आजूबाजूला, आणि… ते लिही. ते तुझ्याकडे आहे, त्या जाडजूड आवृत्तीत नाही. आजीला ठेवायचं की नाही, ते तू ठरव. मी नाही सांगणार. माझं ऐकून एकदा झालंय.

आता संदर्भ. लिही. आडनाव आधी… भोईर. स्वल्पविराम. मनोरमा… लिही म्हटलं ना… मनोरमा. कंसात 'संपा.'. मग कादंबरीचं नाव, तुला पाठ आहे. मग 'विद्यार्थी आवृत्ती'. पान एकशे बारा, टीप नऊ.

थांब, संपलं नाही. त्याच्यापुढे लिही, 'ही टीप चुकीची आहे.'…

निशिगंधा, हे काही माझ्याशी भांडायचं कारण नाही… अगं, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. तुझ्यासारखी किती पोरं ती टीप वाचतायत, ठाऊक आहे? जेसल पार्कच्या वाचनालयात दहा प्रती मीच नेऊन दिल्यात. उद्या आणखी एखादी मुलगी उठेल वर्गात आणि आपल्या आजीला घेऊन उभी राहील… हो ना? मग लिही.

प्रकाशकाला मी फोन करते. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून पुस्तकांत चिकटवू म्हणावं… आणि तुमच्या सरांना मी भेटायला येते… येणार. 'नका येऊ' काय? सही करून सांगते, टीप माझी आहे, पोरीची नाही. आणि 'माझ्याच मनाने लिहिलं' हे खोटं बोलल्याबद्दल तू माफी मागायची. मीपण तिथेच असेन, दोघी मिळून मागू.

वाचून दाखव आता… हं… 'भोईर, मनोरमा'… हं… 'टीप नऊ'… पुढे?… पुढे काय राहिलं?… लिहिलं नाहीस ना? मला माहीत होतं. लिही. मी थांबते…

लिहिलंस?… 'चुकीची'मधला 'ची' दीर्घ आहे ना?… शाबास. पूर्णविराम दे.

बस, झालं. डोळे पूस आणि तोंड धू. आईला सांग, बाई रविवारी येतायत, आजीलाही भेटायचंय… हो. तिला पण सांगणार. तिने गालावरून हात फिरवला होता ना…

थांब, दाजी आले वाटतं मासळी घेऊन… आले हं दाजी! चहा ठेवते… नाही, रडले कुठे? चष्मा पुसत होते…

हं, निशिगंधा… नाही, ते पान नाही काढत आत्ता भिंतीवरून. त्यांच्या नजरेआड केलं तर सांगायचं राहूनच जाईल. त्याच्यासमोरच बसवते त्यांना.

ठेवते. ते विचारतायत, कोणाचा फोन म्हणून.