नेम अण्णांचा, बोट माझं

मंडळी, सगळ्यांना जय भीम, राम राम. काकू, तुम्हाला नमस्कार. पालीहून, लिंबागणेशहून, पार चौसाळ्याहून माणसं आलीत. शाळेच्या पटांगणातली ही गर्दी बघून अण्णा म्हटले असते, "कामंधामं न्हाईत का रे तुमाला?" मला बोलणं जमणार नाही असं मी गुरुजींना सांगितलं होतं. रडू येईल म्हणून नाही. रडू येतच नाही. अण्णा जाऊन आठ दिवस झाले, आत काही हलत नाही. सकाळी चहा घेतला, त्यात साखर होती का, ते सांगता येणार नाही.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. मी सिद्धार्थ. या भागात वनरक्षक होतो, आता रिटायर झालोय. दिगंबरअण्णा माझे कोणी नात्यातले नव्हते. पण मागची कित्येक वर्षं त्यांच्या ओसरीवर काकूंच्या हातचा चहा प्यायला गेलो नाही असा आठवडा नाही.

माझ्याआधी सरपंच बोलले, गुरुजी बोलले. दोघांनीही अण्णांना त्या मोठमोठ्या शिकारी साहेबांच्या ओळीत बसवलं. नरभक्षक मारले, मग बंदूक खाली ठेवली आणि जनावरांची बाजू घेतली, ते साहेब. गोष्ट चांगली आहे. पण अण्णांना ती आवडायची का? नाही आवडायची. मला ठाऊक आहे, कारण मी विचारलं होतं.

अण्णांकडं त्या साहेबांची दोन पुस्तकं होती, पुठ्ठे गेलेली. एक डोंगराकडचा साहेब, एक दक्षिणेतल्या रानातला. अण्णा दोघांची तुलना करत बसायचे, आपण भावकीतल्या माणसांची करतो तशी. म्हणायचे, "डोंगरवाला लई सबुरीचा. जनावर पडल्यावर आधी त्याची जखम हुडकायचा. ते माणसावर कशापायी आलं, ते बघायचा. दुसरा गप्पिष्ट. पहिल्यावर माझा भरोसा हाय, पर चहा प्यायला मला दुसरा चालंल." असं म्हणून हसायचे.

एकदा मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही तिसरे." हसले नाहीत. म्हणाले, "न्हाई. त्यांचा नेम लागत गेला, नाव झालं, मंग दया आली. पोट भरल्यावर ताटावरून उठले ते. माझ्या हातून चुकीचं जनावर मेलं, आन् त्यापायी माणूस गेलं. मला त्यांच्यात बसवू नका."

चुकीचं जनावर. हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. बाकीचं माहीत नाही. ते सांगायला उभा राहिलोय. मला मधे थांबवू नका.

त्या साली बिबट्यानं आपल्या शिवारात दोन माणसं नेली. दोघंही कापूस वेचताना, वाकलेली. मारायचा हुकूम आला. अण्णांकडं लायसनची बंदूक होती, नेम पंचक्रोशीला माहीत होता, म्हणून खात्यानं त्यांना बोलावलं. माग काढायचं काम माझं. त्या बिबट्याची खूण एकच होती. पुढच्या डाव्या पायाचं एक बोट आत वळलेलं. मी तो ठसा इतक्या वेळा बघितला होता की डोळे मिटले तरी दिसायचा.

दिवस मावळायला आला होता. आम्ही दोघं बांधावर. तुरीतून बिबट्या निघाला. दुर्बीण माझ्याकडं होती. अण्णांनी बंदूक खांद्याला लावली आणि हळूच विचारलं, "पाय बघ. त्योच हाय का?"

मंडळी, ऊन माझ्या डोळ्यावर होतं. पाय गवतात होता. मला पाय दिसला नाही. पण तीन गावं वाट बघत होती. वरून फोनवर फोन येत होते. आणि माझ्या मनानं आधीच ठरवून टाकलं होतं. मी बोट करून म्हटलं, "हाच."

अण्णांनी गोळी झाडली. एकच.

पुढचं तुम्ही बघितलंय. ट्रॉली आली, हलगी आली, गुलाल आला. अण्णांना खांद्यावर घ्यायला पोरं धावली. अण्णा तिकडं लक्ष देईनात. खाली बसले आणि बिबट्याचा डावा पाय हातात घेतला. बोटं सरळ होती, सगळीच्या सगळी. माझ्याकडं बघून म्हणाले, "सिद्धार्था, हे काय?"

मी काय म्हटलं माहिताय? म्हटलं, "अण्णा, मेल्यावर बोट सरळ होतं."

असं काही नसतं. मी तिथल्या तिथं बनवलं ते. अण्णांनी मला आणखी एकदा विचारलं, मी आणखी एकदा तेच सांगितलं. मग ते लोकांना म्हणाले, "गुलाल टाकू नका. चार रोज दम धरा, रानात जाऊ नका." कोण ऐकतंय? माणसं म्हणाली, अण्णा मोठ्या मनाचा, मान घेईना. खात्याच्या साहेबांनी मला विचारलं, "खूण जुळली ना?" मी म्हटलं, "जुळली." तसं लिहूनही दिलं. दुसऱ्या दिवशी गावात सांगण्यात आलं, भ्या सोडा, रानं मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशी कौसाबाई कापूस वेचायला गेल्या.

नंतर पिंजऱ्यात जो बिबट्या सापडला, त्याचं बोट वळलेलं होतं. तेव्हा सगळं गाव अण्णांवर उलटलं. नावासाठी मारला, म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, काय काय बोललात. मीही तिथंच उभा होतो. चौकशी लागली. अण्णांनी अंगठ्याएवढ्या अक्षरात लिहून दिलं, जनावर ओळखायला माझी चूक झाली. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं.

मी त्यांच्या घरी गेलतो. म्हटलं, "कशापायी, अण्णा?" ते बंदूक पुसत होते, जमा करायची म्हणून. म्हणाले, "गोळी माझी हाय. आन् तुला दोन लेकरं हायत." बाकी काही नाही. काकूंनी भाकरी वाढली. मी जेवलो. तेही जेवलो मी.

त्यानंतरचे अण्णा तुम्हाला माहीत आहेत. वेचणीच्या दिवसांत गळ्यात शिट्टी, बांधावर उभे. थोड्या थोड्या वेळानं शिट्टी वाजवायची, आणि सगळ्या बायांनी एकदम ताठ उभं राहायचं. वाकलेलं माणूस बिबट्याला जनावर वाटतं, उभं माणूस माणूस वाटतं. बाया कावायच्या. "अण्णा, तुमच्या शिट्टीनं कंबर गेली बघा." अण्णा म्हणायचे, "कंबर गेलेली चालंल, बाई." ती शिट्टी सुरू झाल्यापासून या शिवारात एकही बाई बिबट्याच्या तोंडी गेली नाही. आणि बिबट्याही मारला गेला नाही. त्या शिकारी साहेबांनी पुस्तकं लिहिली. अण्णांनी हे केलं.

रामहरी, तू मागं बसलायस. मला दिसतोयस. कौसाबाईंचा तू एकुलता एक. तू अण्णांना तुझ्या बांधावर पाय ठेवू दिला नाहीस, कधीच. तुझं चुकलं नाही, तुला जे सांगितलं गेलं त्यावरून तू वागलास. पण तुला एक सांगतो. तुझी वेचणी असली की अण्णा शेजारच्या बांधावर उभे राहायचे, तुझ्या कडेला. शिट्टी जोरात फुंकायचे. तुझ्या बायकोला ऐकू जावी म्हणून.

मी दर साली म्हटलं, सांगू. पोरींची लग्नं होऊ दे, सांगू. रिटायर होऊ दे, सांगू. मग अण्णाच गेले. तुझ्या आईला माझ्या तोंडच्या शब्दानं रानात पाठवलं. अण्णांच्या नाही. माझ्या. त्या दिवशी मला पाय दिसला नव्हता, आणि मी 'दिसला नाही' एवढंच म्हणायचं होतं.

काकू, माफी मागायला तोंड नाही. रामहरी, तुझ्यापुढंही नाही. तू काय बोलशील, काय करशील, ते कर. सभा संपल्यावर मी घरी जाणार नाही, इथंच थांबतोय.

आता उठा, मंडळी. दोन मिनिटं उभे राहू. आधी कौसाबाईंसाठी, मग दिगंबरअण्णांसाठी. रामहरी, तुला अण्णांसाठी उभं राहायचं नसेल तर बसून राहा. पण इतकी वर्षं ज्याचा राग धरलास, तो माणूस मी आहे. माझ्याकडं बघ.