तीन अक्षरं

नको, त्याला आत बोलावू नकोस अजून. बसू दे बाहेर बाकावर, सावली आहे तिथं, आणि एक पाय गेलेल्या माणसाला उठबस जेवढी कमी तेवढी बरी. आधी माझी जुनी फाईल काढ, मिरेया — ती सुतळीनं बांधलेली, तुझ्या बाबांच्या हातची. त्यातला मागच्या वर्षीचा एक कागद मला हवाय. हवाय म्हणजे — फाईलीत नकोय. माझा नवरा, एलिगिओ, सही करायला आत येईल तेव्हा त्याच्या नजरेला पडायला नको, एवढंच. का म्हणून काय विचारतेस? तुझ्या बाबांनी नसतं विचारलं. ते, डॉन सेवेरो, जानेवारीत वारले आणि त्यांच्याकडून कराचे कागद भरून घेणाऱ्या आमच्यासारख्यांची पंचाईत करून गेले बघ.

तुला नवीन आहे म्हणून सांगते. मी जन्मले नदीपलीकडे, त्या दुसऱ्या देशात, सान अँटोनियोत. तिकडे जन्मलेला माणूस चंद्रावर राहायला गेला तरी वर्षाकाठी त्यांना कराचा कागद पाठवायचा, हा त्यांचा कायदा. आणि इथं पिएद्रास नेग्रासमध्ये मी टॉर्टिया लाटून विकते, म्हणून इकडचाही कागद. दोन्हीकडे देणं किती? शून्य. पण शून्य आहे हे सांगायलाच बावीस पानं. आणि इकडचा माझा क्रमांक बघितलास ना — रामिरेस, तोवार, आमेलिया, माझ्या नावाची अक्षरं जुळवली की होतं 'राता'. उंदीर. चोर. सरकारला माझी दया आली, शेवटचं अक्षर खोडून तिथं फुली टाकली. तुझे बाबा म्हणायचे, दोन्या आमेलिया, तुमच्यावर सरकारनं पांघरूण घातलंय. हसायचो आम्ही दोघं.

आले कशाला म्हणतेस? नवऱ्यामागे आले. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या गाडीचा मागचा दिवा फुटका होता — दिवा हं, काचेचा एवढासा तुकडा — पोलिसानं थांबवलं, तिकडे राहायचे कागद मागितले, ते नव्हतेच, आणि त्याला पुलावरून इकडे आणून सोडलं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते, कायमची नोकरी, ती सोडली आणि चाळीस दिवसांत त्याच्यामागे आले. बहीण म्हणाली, वेडी आहेस. होतेच. तेव्हाच डॉन सेवेरोंनी शिकवलं — नवऱ्याच्या क्रमांकाच्या चौकटीत तीन अक्षरं लिहायची, एन, आर, ए. म्हणजे काय? तर परका, तिथं न राहणारा. आपल्याच नवऱ्याला परका लिहायचं. लिहिलं. पहिल्या वर्षी रडू आलं, मग सवय झाली.

चार वर्षं काढली त्यानं इथं. मग म्हणाला, इथल्या मजुरीत पोट भरत नाही, आणि एका पहाटे नदी ओलांडून गेला परत. मी का नाही गेले? माझ्याकडे तर पासपोर्ट, मी पुलावरून चालत गेले असते. पण त्याची आई खाटेला खिळलेली. तिचं सगळं मी केलं, दोन वर्षं. ती गेल्यावर? गेल्यावर — त्यानं बोलावलं नाही. पैसे पाठवायचा, फोन करायचा, रविवारी. ये म्हणाला नाही. आणि मी तीन अक्षरं लिहीत राहिले. परका, तिथं न राहणारा. डॉन सेवेरोंना ठाऊक होतं तो कुठं आहे ते. मला म्हणाले होते, दोन्या, खरं लिहायचं नसतं, बरोबर लिहायचं असतं.

मग मागच्या मार्चमध्ये शेजारची चायो सांगत आली. तिच्या भाच्यानं पाहिलं, ह्यूस्टनमध्ये, बाजारात, एलिगिओच्या हातात भाजीची पिशवी आणि शेजारी बाई. नोएमी नाव. एका घरात राहतात, तीन वर्षं झाली. मी चायोला कॉफी दिली. ती गेल्यावर कप धुतले. काही फोडलं नाही, ओरडले नाही. घरमालकाचं नाव, घराचा नंबर, सगळं तिच्याकडूनच लिहून घेतलं होतं — कशाला, ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

एप्रिलमध्ये इथंच बसले होते, याच खुर्चीवर. तो प्रश्न आला — कुटुंबातलं कोण तुमच्याबरोबर राहतं? खाली शपथ असते, सगळं खरं लिहिलंय म्हणून. तुझे बाबा औषध घ्यायला आत गेले होते. मी ती तीन अक्षरं खोडली. तिथं न राहणारा? राहतो की, चांगला राहतो. वेगळा कागद घेतला आणि माझ्या हातानं लिहिलं, नवरा माझ्याबरोबर राहत नाही, अमुक रस्ता, अमुक नंबर, तिथं राहतो. पाकिटात घातलं. त्यांनी परत येऊन फाईलीसाठी नेहमीसारखी झेरॉक्स काढली, वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.  

ऑगस्टमध्ये त्याला उचललं. त्याच दारातून, सकाळी, जेवणाचा डबा हातात होता. माझ्या कागदामुळं? कुणास ठाऊक. कदाचित दुसराच कुणी, कदाचित योगायोग. कर घेणारे वेगळे आणि धरणारे वेगळे, असं सगळे म्हणतात. मीही रोज स्वतःला तेच सांगते. साखरेचा आजार त्याचा, कोठडीत पायाला जखम झाली, नोव्हेंबरमध्ये पुलावरून आला तेव्हा गुडघ्याखाली काही नव्हतं. हातात प्लास्टिकची पिशवी. मला बघून म्हणाला, तूच एक माझी. आणि पुढं काय म्हणाला ठाऊक आहे? नोएमीनं काडी लावली. भांडण झालं होतं म्हणे दोघांचं, तिनंच कळवलं असणार. रोज शिव्या घालायचा तिला, मी पाणी तापवून त्याचा उरलेला पाय धुवायची तेव्हा. आणि मी — मी ऐकून घ्यायची. काय करू? एकदाही म्हटलं नाही की तिची चूक नाही. मला नवरा परत मिळाला होता ना. अर्धा का होईना.

यंदा त्याचाही कागद करायचाय, अर्धं वर्ष तिकडे कमावलंय त्यानं, म्हणून आणलं. हल्ली जरा शांत झालाय. आठवडा झाला, नोएमीचं नाव नाही काढलं. मला वाटलं, निवला राग. गुरुवारी तर एकटाच कुबड्या घेऊन न्हाव्याकडे गेला, आणि आला तो तसाच, केस तसेच वाढलेले. मी म्हटलं, न्हावी मेला की काय? हसला फक्त. — तर तो कागद तेवढा काढ. पिवळट आहे, मागे टाचलेला.

काय?

गुरुवारी? इथं?

'राहत होतो तिथला पत्ता लागतो' म्हणत जुनी कागदपत्रं बघायला आला होय? मग — दाखवलीस ना तू. तू तरी काय करणार, तुला कुठं ठाऊक. त्या कागदाची झेरॉक्सही काढून नेली? घडी घालून खिशात. हं. इंग्रजी त्याला येत नाही, पण स्वतःच्या घराचा नंबर येतो. आणि माझं अक्षर ओळखतो, तीस वर्षं झाली.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. आज बुधवार. आज सकाळीही पाय पुढं केला त्यानं. पाणी जास्त गरम नाही ना, मी विचारलं. नाही म्हणाला. बरं आहे म्हणाला.

नको, पाणी नको मला. फाईल बांधून ठेव. तीन अक्षरं लिही तू, यंदा ती खरी आहेत. आणि त्याला हाक मारू नकोस, मीच जाते बाहेर. बाकावरून उठताना त्याला हात द्यावा लागतो.