तीन बंधांचा आकडा

मीनाक्षी मॅडम : तुझ्या प्रबंधावर मी आज सही करणार नाही, संघमित्रा. आधी हे सांग, हा आकडा आणलास कुठून?

संघमित्रा : काढला, मॅडम.

मीनाक्षी मॅडम : कशावर? हे गणित मी मंगळवारी सकाळी दिलं, अन् दुपारपासून गुरुवार रात्रीपर्यंत कॉलेजात लाइट नव्हती. डीएनएमधली ग्वानिन आणि सायटोसिनची जोडी, त्यांच्यात तीन हायड्रोजन बंध. त्यांची ताकद काढायला आपल्या कॉम्प्युटरला तीस तास लागतात. अन् तू शुक्रवारी सकाळी उत्तर घेऊन हजर! मला वेडी समजतेस का?

संघमित्रा : दादाच्या लॅपटॉपवर काढला. तिरोडीले गेलती मी. बाबा मॅंगनीजच्या खाणीत आहेत न, तिथल्या क्वार्टरची लाइट जात नाई. लॅपटॉप असा तापला का आईनं दोन दिवस टेबलफॅन त्याच्याकडेच लावून ठेवला. आमी बसलो उकाड्यात.

मीनाक्षी मॅडम : गोष्ट छान रचलीस. पुस्तकातून उचललास ना? खरं सांग, मी कुणाला बोलणार नाही. पुढच्या वर्षी नव्यानं दे.

संघमित्रा : पुढच्या वर्षी काय करू? नागपूरले पीएचडीची सीट भेटली आहे. आज प्रबंध जमा नाई झाला तर ते बी गेलं.

मीनाक्षी मॅडम : ते आधी सुचायला हवं होतं.

संघमित्रा : पुस्तकात किती आहे, मॅडम?

मीनाक्षी मॅडम : आपल्या पद्धतीनं पंचवीस-सव्वीस किलोकॅलरी.

संघमित्रा : अन् माझा? पाह्यला का तुमी?

मीनाक्षी मॅडम : मी तारीख पाहिली, तेवढंच पुरे झालं. दाखव इकडे. (पानं उलटतात.) एकतीस? हे चुकलंय. दोन रेणू जवळ आले की गणितात एकमेकांचा टेकू घेतात, मग बंध आहे त्यापेक्षा घट्ट दिसतो. तो टेकू वजा करायचा असतो.

संघमित्रा : मले मालूम नोतं. तुमी शिकवलं त्या दिवशी मी राह्यते त्या किरनापुरहून बस नाई भेटली मले. पण नक्कल केली असती तर बरोबर आला असता न?

मीनाक्षी मॅडम : ...वजा करून आण. पाचपर्यंत बसते मी. सही करते.

संघमित्रा : हौ. एक विचारू, मॅडम? राग नका मानू.

मीनाक्षी मॅडम : विचार.

संघमित्रा : आमच्या वर्गातल्या अनुरागनं बी शुक्रवारीच दिला न? कॉलेजच्याच कॉम्प्युटरवर काढून?

मीनाक्षी मॅडम : हो. त्याचा अगदी पुस्तकासारखा आलाय.

संघमित्रा : मग त्याले काहून नाई विचारलं, लाइट कुठून आणली म्हणून?

मीनाक्षी मॅडम : त्याच्या प्रबंधावर मी सकाळीच सही केली.