गायुलने हात वर केला नाही

कोरियात, सोलजवळच्या पानग्योत, बसच्या रांगेत माझ्यापुढे गणवेशातली मुलगी आणि तिची आई उभी होती.

"गायुल, गुंतवणुकीच्या वर्गात आज काय झालं?"

"एक खरा उद्योजक आला होता, आई. किंबापचे भातरोल घरपोच देणारं ॲप काढलंय त्याने. पैसे घालायचे का, ते आम्ही ठरवायचं होतं. सगळ्यांनी हात वर केले, मी सोडून."

"का गं?"

"मी विचारलं, एकदा मागवलेल्यांपैकी किती जणांनी पुन्हा मागवलं? तो पाणीच प्यायला लागला."

"अगं, चारचौघांत असं विचारतात? बाई रागावल्या असतील!"

"छे! बाईंची स्वतःची गुंतवणूक कंपनी आहे ना, तीच त्याला पैसे देणार होती. म्हणाल्या, आकडा मिळेपर्यंत थांबू."

"...रविवारी मामा येतोय. त्याच्या कॅफेत पैसे घाला म्हणतोय. तू जेवायला माझ्या शेजारी बस."