लेकीचं माप

(शिंप्याचं दुकान. शाळेत गणित शिकवणारे शिक्षक पॅन्टची चेन बसवून घ्यायला थांबलेत. दोघंही एकमेकांना ‘मास्तर’च म्हणतात.)

शिक्षक : चौसष्ट इंच? मास्तर, एवढ्या फ्रॉकात विजेचा खांब मावेल!

शिंपी : म्हणूनच कात्री खाली ठेवली. सहाव्या वर्षी लेकीच्या फ्रॉकची उंची चोवीस, म्हणजे वर्षाला चार. आता सोळा पुरी होतील. सोळा चोक चौसष्ट.

शिक्षक : म्हणजे जन्मली तेव्हा लेक शून्य इंचाची? एका मापावर भागत नाही हो. दुसरं आहे?

शिंपी : नवव्या वर्षीचं. तीस. मग तिची आई तिला घेऊन गेली ती गेलीच.

शिक्षक : दोन पुरेत. दोन बिंदूंतून रेषा एकच जाते. चोविसाचे तीस, वाढले किती?

शिंपी : सहा.

शिक्षक : तीन वर्षांत सहा, वर्षाला दोन. हा रेषेचा चढ. आता सहाव्या वर्षी सहा दुणे बाराच होतात, माप तर चोवीस. वरचे बारा सुरुवातीचे. वाय बरोबर दोन एक्स अधिक बारा. एक्स वय, वाय उंची. झालं समीकरण.

शिंपी : सुरुवातीचे म्हणजे कधीचे?

शिक्षक : एक्स शून्य. जन्माच्या वेळचे.

शिंपी : थांबा, थांबा! पहिलं झबलं मीच शिवलं होतं. बारा इंचाचंच!

शिक्षक : योगायोग हो.

शिंपी : असेना का. बरं वाटलं.

शिक्षक : सोळा दुणे बत्तीस अन् बारा, चव्वेचाळीस. पण फार भरवसा नको. मुली चौदा-पंधराला वाढायच्या थांबतात, रेषा काही थांबत नाही. त्यापेक्षा सरळ फोन करून माप विचारा की.

शिंपी : विचारलं तर देईल ती. पण साऱ्या जगाची मापं घेतो आणि पोटच्या पोरीचं ठाऊक नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू?

शिक्षक : ...मग कापा चव्वेचाळीस. लांब झाला तर?

शिंपी : लांब झालेला बरा. खालून दुमडता येतो.

शिक्षक : तिथे दुमडून देणार कोण?

शिंपी : तिची आई. हातशिलाई तिला मीच शिकवलीय.