केसरबाईंसाठी दोन इंच

तुम्हाला सांगतो, गाडीच्या कामात अख्ख्या हर्सूलमधी माझा हात धरणारा माणूस नाय! म्हणजे... एकानं धरला होता. आमच्या संघपालनं. "आबा, पाना ठेवा खाली" म्हणून. पोटचं पोरगं, पण इज्जत? नाय!

आन् मामला केवढा? दोन इंच! फक्त दोन इंच! आमची मोठी गाडी, सेकंडहँड, दिसायला रणगाडा, पण स्पीडब्रेकर आला की पोट घासतंय... मग सगळ्यांनी उतरायचं, रिकामी गाडी पलीकडं न्यायची, पुन्हा चढायचं! मागल्या लग्नाला आमच्या मंडळी, केसरबाई, भरजरी साडीत निम्मी वाट पायीच आल्या, आन् पोचलो तवर मांडवात भांडी घासत होते. आता सोयगावला त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या, चतुराबाईच्या पोरीचं लग्न! बाईंनी बजावलं, "या बारीला मी उतरणार नाय. आन् उशीर झाला तर तिथूनच माहेरी जाईन."

म्हणून संघपालनं मोबाइलवरून लिफ्ट किट मागवलं. किट म्हणजे काय हो? स्प्रिंगच्या डोक्यावर ठेवायच्या जाड टोप्या, गाडी दोन इंच उचलायला! गॅरेजला नेऊ म्हटलं, तर "आबा, व्हिडिओ बघितलाय, घरीच करू." रस्त्यावर करावं तर सगळी कॉलनी सल्ले द्यायला हजर... म्हणून पोर्चमधी! जॅक लावला, चाकं काढली, एक बोल्ट काही केल्या निघंना, चार दिवस दोघं लई बेजार... जरा करमणूक म्हणून मी गाडीखालून वरडलो, "मेलो! मेलो!" पोरगं पांढरंफटक! मी डोळा मारला. हसलं का? नाय!

लग्नाच्या दिवशी सकाळी केसरबाई नटूनथटून पायरीवर. गाडी कशी ऐटीत उभी, दोन इंच वर! संघपालनं रिव्हर्स टाकला आन् मला दिसलं, टपावरचं कॅरिअर पोर्चच्या बीमला... "थांब! अरं थांब!" पोरगं म्हणतंय, "आबा, पुरे आता गंमत!" आन्... खाड्!

अडकली! आत गेली तवा दोन इंच बुटकी होती हो! कॅरिअर काढावं तर बोल्ट गंजलेले. टोप्या काढाव्या तर लग्न हुकलं! तेवढ्यात शेजारचा फकिरा आला, निव्वळ पोत्यासारखा गडी, "काका, टेन्शन नक्को! आदमी बिठाव, गाडी आपीच बैठती." आन् खरंच! तो बसला, त्याचा भाऊ बसला, आणखी तिघं धष्टपुष्ट बसले... गाडी दबली! बीमखालून अलगद बाहेर! टाळ्या! मी म्हटलं, "शाब्बास, उतरा आता." तर फकिरा, "काका, अब बैठेच हैं तो शादी का खाना खाकेच उतरते ना!" आता लग्नाला निघालेल्या माणसाला कुणी खाली उतरवतं का? तुम्हीच सांगा!

केसरबाईंना मधी कोंबलं, निघालो. पहिलाच स्पीडब्रेकर... खर्रर्र! तेच पोट, तोच आवाज! गडी उतरले, संघपालनं मान खाली घातली. केसरबाई जागच्या हलंनात. मी हळूच म्हटलं, "अगं, उतरतीस का जरा? दोन इंचाचा तर सवाल हाय..."

बाईंनी पदर सावरला.

"गाडी होती तिथंच हाय. मग इतके दिवस पोर्चमधी तुम्ही बापलेक उचलत काय होते?"