हिस्केच्या तोंडचा घास

...नाही, पण मी म्हणतो, गोठा घासूनपुसून ठेवणं हा काय गुन्हा झाला? तुम्हाला सांगतो, आख्ख्या फ्रीसलंड प्रांतात माझ्यासारखा गोठा दाखवा! शेण खाली पडायच्या आत मी फावडं घेऊन हजर! आणि का नसावं? गेल्या वसंतात हगवणीनं दोन वासरं गेली माझी, या हातात माना टाकल्या त्यांनी... तेव्हापासून बादल्या उकळत्या पाण्यात, बाटल्या उकळत्या पाण्यात, आमची येल्त्ये म्हणते, "वीब्रेन, आता मला तेवढं उकळायचं ठेवलंयस!" बायको हो, बोलणारच. पण माझं काय चुकलं, सांगा!

तर विद्यापीठातनं ही आनेलोट आली. गुडघ्याएवढे बूट आणि हातात कापूस गुंडाळलेल्या काड्यांचा डबा. म्हणे, वासरांच्या तोंडात आणि पोटात जंतू कसे वस्तीला येतात ते बघायचंय. जंतू! ज्यांना हाकलता हाकलता माझी कंबर मोडली, त्यांची ही बाई शिरगणती करणार! मला समजावते, "तसं नाही हो. जन्मलेल्या वासराचं पोट म्हणजे जवळजवळ ओसाड गाव. आई चाटते, चीक पाजते, तिच्या लाळेतनं, सडांवरनं, गोठ्यातनं एकेक बिऱ्हाड येतं. ती नीट बसली तरच पुढे गवत पचतं, रवंथ सुरू होतो." मी म्हटलं, येऊ देत, पण पाय पुसून येऊ देत! हसली. एकच अट घातली, वासराला काही वेगळं द्यायचं तर आधी तिला कळवायचं. मिळवला हात. शब्द म्हणजे शब्द.

आणि नेमकी तिची काडी पडली आमच्या फेम्केच्या तोंडात. फेम्के म्हणजे नवी कालवड, हिस्केची नात, आणि हिस्के म्हणजे आमची गोठ्यातली सगळ्यात म्हातारी गाय. फेम्केला मी जन्मल्या जन्मल्या आईपासून उचललं, चाटूसुद्धा दिलं नाही, स्वतः पुसली, वेगळ्या खोपटात ठेवली. तरी सहाव्या आठवड्यात लागलीच हगवण! डॉक्टर आला, औषध दिलं, हगवण थांबली... आणि खाणंही थांबलं. आनेलोट फोनवर म्हणाली, "वाईटाबरोबर चांगलेही धुऊन गेले असतील." मी गोठा धुतो, औषधानं पोरीचं पोट धुतलं! गवताला नाक लावायची आणि मान फिरवायची. बरगड्या वर आलेल्या. येल्त्ये अंगातला चांगला स्वेटर मळेल याचीही पर्वा न करता पेंढ्यात बसून राहिली. "ही पण जाणार का रे?" माझं काय चुकलं, तेच कळेना.

तेवढ्यात सासूबाई. वय शहाऐंशी, हातात कॉफी. "अरे, हिस्केच्या तोंडातला चघळलेला घास काढ आणि घाल हिच्या तोंडात. माझा बाप हेच करायचा."

मी म्हटलं, "आई, ते किती घाण—"

"तुझ्या स्वच्छतेनं पोट भरलं का तिचं?"

बाह्या सरसावल्या.

गेलो. हिस्के डोळे अर्धे मिटून रवंथ करत बसलेली, तृप्त! मी तिच्या गळ्याकडे टक लावून. गोळा वर आला की हात आत! पहिल्यांदा जबडा मिटला, दुसऱ्यांदा जीभ थेट माझ्या कानात, तिसऱ्यांदा सापडला... हिरवागार, गरम, आणि वास! देवा रे! हिस्केनं माझ्याकडे असं पाहिलं, की बाबा रे, इतकी वर्षं दूध काढलंस, आता तोंडचा घासही? कोमट पाण्यात कालवला, बाटलीतनं फेम्केला पाजला. तीन दिवस हेच. आनेलोटला कळवायचं? गेलं ध्यानातनं. जीव महत्त्वाचा की काडी? माझं काय चुकलं!

चौथ्या दिवशी सकाळी धारा आटोपून वळतो, तर येल्त्येनं दंड धरला. "बघ, बघ!" फेम्के पेंढ्यात बसलेली, समोर काही नाही, आणि तोंड हलतंय... डावीकडे, उजवीकडे. रवंथ! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गवताची धूळ फार असते आमच्याकडे, काय करणार.

आणि दारात आनेलोट! काडी घातली, बाहेर आली ती हिरवी. माझ्याकडे बघितलं. मी सगळं कबूल केलं, शब्द मोडला म्हणून मान खाली घालून उभा. आता ओरडेल, मग ओरडेल... तर ही उपड्या बादलीवर बसली, वही काढली. "किती घास? कुठला हात? हात धुतला होता?"

नव्हता हो धुतला! मी! मी नव्हता धुतला!

त्यात मागनं येल्त्ये, "आणि बाटली कोमट आहे का बघायला दर वेळी एक घोट यानं स्वतः घेतलाय!"

घरचाच भेदी! आनेलोटचे डोळे असे चमकले... टरकन नव्या काडीचं पाकीट फोडलं. "तोंड उघडा."

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं या घरात बायको म्हणते तोंड मिट, सासू म्हणते तोंड मिट... जन्मात पहिल्यांदा कुणीतरी उघड म्हणालं, तर तेही काडी घालायला.

उघडलं. करतो काय!